पाण्याची काळजी आणि दोनशे लिटरचा ड्रम

मार्च लागला की जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल तालुक्यात घरोघरी एकच विषय असतो, कोणाच्या बोअरला पाणी किती राहिलं. मला तर रात्री झोपच लागायची नाही. पाच एकर केळी, लेकीचं कॉलेज, सोसायटीचं कर्ज. विहिरीने दगा दिला तर काय, हा एकच विचार. आणि त्या विचाराला तळ नसतो.

शेवटी गेल्या मे महिन्यात ठरवलं, नुसतं घाबरत बसायचं नाही, पाणी मोजायचं. मोटर चालू करून पाइपाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवला आणि मोबाइलमध्ये वेळ लावली. ड्रम मिनिटभरात भरला. म्हणजे तासाला १२ हजार लिटर. शेतीला वीज आठ तास, म्हणजे दिवसाचे ९६ हजार.

मग केळीचा हिशेब. सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,४५२ झाडं बसतात. भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला वीस लिटर धरले, तरी एकराला २९ हजार लागतात. पाच एकरांना १ लाख ४५ हजार. आपल्याकडे ९६ हजार. इतकी वर्षं जी भीती पोटात गोळा होऊन बसली होती, ती वहीत एका ओळीत आली: पाणी तीन एकरांचं, बाग पाच एकरांची.

मृगबागेचं हेच अवघड असतं. जूनमध्ये लावलेल्या झाडाचे घड पोसायचे दिवस नेमके एप्रिल-मेच्या उन्हात येतात. तेव्हा पाणी तोडलं की वर्षभराची मेहनत गेली.

आबा, माझे सासरे, ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "सूनबाई, केळीबिगर शेत उघडं दिसतं." त्यांचं दुःख मला कळतं, त्यांनी हयात केळीत घालवली. पण वही त्यांनी स्वतः दोनदा वाचली आणि टिश्यूच्या, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या केळीच्या रोपांचं बुकिंग तीन एकरांचंच करायला सांगितलं. उरलेल्या दोन एकरांत तूर.

घराच्या छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं कामही केलं. हजार चौरस फुटांवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ६५ हजार लिटर होतात. चांगलंच आहे, पण तीन एकरांच्या बागेला ते एक दिवसही पुरत नाही, हे मी स्पष्ट सांगते. छपरावर विसंबून राहू नका. खरं पाणी नाल्यात आहे. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरला, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद-खोल करून त्यांवर बिनदाराचे सिमेंट बंधारे घातले. पाणी अडलं आणि जमिनीत मुरलं. सातपुड्याच्या पायथ्याची आपली दगडगोट्यांची जमीन तर पाणी भराभर पिते, फक्त त्याला थांबायला जागा हवी.

म्हणून आमच्या नाल्यालगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या गोळा करतेय. येत्या ग्रामसभेत खोलीकरणाचा अर्ज मांडायचा आहे. दोन बांधांवरचे अजून तयार नाहीत, माती आपल्या शेतात पडेल म्हणतात. उद्या वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, आणि ते हो म्हणाले तर ड्रमही.