तुम्ही विचारलंत म्हणून: जंगलावर घातलेला पैसा वसूल होतो का?

मी हिशेबाचं काम करते, बेळगावात. सोसायट्या, दोन देवस्थानं, एक पतपेढी, आणि मधे काही वर्षं जंगलाचं काम करणाऱ्या दोन लहान संस्थांच्या वह्या पण माझ्याकडं होत्या. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं, भाऊ अजून शेती करतो. म्हणजे एका बाजूला व्हाऊचर आणि दुसऱ्या बाजूला गवे. त्यामुळं लग्नात, बारशाला, अगदी मातीला गेलं तरी कोणतरी गाठतंच आणि विचारतं, "ताई, खरं सांगा ओ, ह्या वाघाबिघांवर, झाडं लावण्यावर एवढे कोटी जातात, ते वसूल होतात काय?"

पहिल्यांदा हा प्रश्न जोरात आला तो 2022 च्या ऑगस्टात. आठवत असेल तुम्हाला, आमच्या बेळगावात जाधव नगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या 22 शाळा बंद, कॅमेरे लावले, पिंजरे लावले, शिमोग्याच्या सक्रेबैलहून दोन हत्ती आणले, आणि बिबट्या काय घावला नाही. व्हॉट्सअपवर नुसते जोक. तेव्हा आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले, बघा, एका जनावरापायी किती पैसा, ह्यालाच तुम्ही संवर्धन म्हणता ना. मी म्हटलं काका, हा खर्च संवर्धनाचा नव्हेच, हा बंदोबस्ताचा. गणपतीत पोलीस लावतात तो खर्च तुम्ही मूर्तीच्या खात्यावर टाकता काय? पण लोक टाकतात. प्राणी दिसला की त्याच्या नावानं होणारा प्रत्येक रुपया "जंगलावर घातलेला" म्हणून लिहिला जातो, आणि इथनंच हिशेब चुकायला सुरवात होते.

दुसरी चूक शिकलेल्यांची. ते भागाकार करतात. देशात 2006 च्या गणतीत वाघ 1411, 2022 च्या गणतीत 3682, मधल्या वर्षांत इतका पैसा गेला, भागा, एक वाघ एवढ्याला पडला. दिसायला एकदम स्वच्छ. पण मधल्या काळात मोजायची पद्धत सुधारली, कॅमेरे वाढले, कॅमेरे लावलेला भाग वाढला, म्हणजे काही वाघ वाढले आणि काही आधीपासनं होतेच, फक्त आता फोटोत आले. वाढले नाहीत असं मी म्हणत नाही, वाढलेत की. पण सगळी वाढ ह्या पैशानंच झाली असं धरून भागाकार करायचा म्हणजे पाऊस पडला तो आम्ही भजन केलं म्हणून.

मी विचारते तो प्रश्न वेगळा आहे. पैसा घातला नसता तर काय झालं असतं? बस, एवढाच. अपार्टमेंटला रात्रीचा वॉचमन ठेवला आणि वर्षभर चोरी झाली नाही, तर पगार वसूल झाला म्हणायचं काय? शेजारच्या अपार्टमेंटला वॉचमन नाही आणि तिथं पण चोरी झाली नाही, मग? आणि त्याच वर्षी गल्लीत चार घरं फुटली पण आपलं नाही फुटलं, तर मग गोष्ट वेगळी. म्हणजे शेजारचं घर बघितल्याशिवाय आपल्या वॉचमनचा हिशेब लागत नाही.

जंगलात हे शेजारचं घर बघायचं काम फार कमी जणांनी केलंय. कोस्टा रिका म्हणून देश आहे, जंगल राखण्यात नावाजलेला. तिथली राखीव जंगलं आणि तसाच चढ, तशीच जमीन, तेवढंच रस्त्यापासनं लांब असलेलं राखीव नसलेलं जंगल अशी जोडी लावून बघितली 2008 मध्ये, तर कळलं की राखीव नसतं तर त्यातलं साधारण 10 टक्केच जंगल तुटलं असतं. बाकीचं तसंही राहिलं असतं, कारण तिथं जाणार कोण? जगभर अशीच तऱ्हा आहे, ज्या जमिनीला गिऱ्हाईक नाही, कडा, उंच, लांब, ती आधी राखीव होते. आमच्या खानापूरच्या भीमगडाचं बघा ना, 2011 ला अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटर. त्यातल्या कड्याकपारीत कोण कुऱ्हाड घेऊन जाणाराय, पावसाळ्यात माणसाला चालायला वाट नसतीय. पण त्याच्याच कडेला हायवेला लागून जे जंगल आहे, जिथं प्लॉट पाडायला माणसं टपलेली आहेत, तिथं राखलेला एक एकर हा कड्यावरच्या दहा एकरांपेक्षा भारी. रिपोर्टात मात्र एकराला एकर धरतात.

झाडं लावायचं तर विचारूच नका. मी ज्या वह्या बघितल्या त्यात खड्डे किती, रोपं किती, ट्रॅक्टरचं भाडं किती, सगळं बरोबर, पै न पै. एकदा मी एका साइटवर पण गेले होते, तिथल्या माणसानं रजिस्टर पुढं केलं आणि म्हणाला, "अक्का, लेक्क सरी ऐती." हिशेब बरोबर आहे. होता पण. फक्त तिसऱ्या वर्षी त्यातली किती रोपं उभी आहेत ह्याला रजिस्टरात रकानाच नव्हता, आणि उभी होती ती बहुतेक अकेशियाची, ज्याच्याखाली गुरं पण उभी राहत नाहीत. हिमाचलातल्या कांगडा भागात तर काही दशकांच्या झाडलावणीचा अभ्यास झाला, 2021 ला आला, आणि जंगल वाढल्याचा किंवा लोकांना फायदा झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की त्याबदल्यात भरायच्या पैशातले 47,436 कोटी केंद्रानं 2019 ला राज्यांना वाटले, ते पण मोठ्या प्रमाणात ह्या खड्ड्यांतच जाणार. मला म्हणून खड्डा मोजणाऱ्यांची भीती वाटते, चोरांपेक्षा जास्त. चोर सापडतो तरी.

ह्याउलट युगांडात एक साधा प्रयोग झाला, 2017 ला छापून आला. 121 गावं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून अर्ध्या गावांतल्या मालकांना सांगितलं, झाड तोडू नका, वर्षाला पैसे देतो. अर्ध्या गावांना काहीच नाही. दोन वर्षांनी बघितलं तर पैसे दिलेल्या गावांत झाडी 4.2 टक्के कमी झाली आणि न दिलेल्या गावांत 9.1 टक्के. आता बघा, पहिल्या गावांत पण झाडी कमीच झालीय, म्हणजे नुसतं तेवढंच बघितलं असतं तर कोणीही म्हटलं असतं की प्रोग्राम फेल. शेजारचं घर बघितलं म्हणून कळलं की निम्म्याहून जास्त तूट वाचली. आणि झाडं उशिरा तुटली म्हणून त्यांच्यातला कार्बन उशिरा हवेत गेला, नुसता तेवढाच फायदा धरला तरी खर्चाच्या 2.4 पट. असा हिशेब मला कोणी आणून दिला तर मी डोळे झाकून सही करीन.

सगळ्यात स्वस्तात पडलेलं काम कुठलं विचाराल तर मी गिधाडांचं सांगते. लहानपणी आमच्या गावाबाहेर मेलेली गुरं टाकायचे तिथं दोन दिवसात नुसती हाडं राहायची, आता कुत्री असतात, नाहीतर वास. डायक्लोफेनॅक नावाचं गुरांचं दुखण्याचं औषध, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी जाते. नव्वदच्या दशकापासनं 90 टक्क्यांच्या वर गिधाडं गेली आपल्या देशातली. गुरांसाठी ह्या औषधावर 2006 ला बंदी आली, बदली औषध होतं. बंदीला खर्च तो काय? एक आदेश आणि त्याची अंमलबजावणी. पण ती यायच्या आधी किती गेलं ते ऐका. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिथं आधी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथं नव्हती ते जिल्हे अशी तुलना केली, 2024 ला आलं ते, आणि काढलं की गिधाडं गेल्यानं 2000 ते 2005 ह्या काळात साधारण पाच लाख माणसं जास्त मेली, कुजकी मढी, भटकी कुत्री, खराब पाणी. वर्षाला 69 अब्ज डॉलरच्या आसपास नुकसान. गिधाडासाठी कोण कधी वर्गणी देत नाही, वाघासाठी देतात.

वाघाचे पण मोठे आकडे आहेत, नाही म्हणत नाही. भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेनं 2015 ला सहा व्याघ्र प्रकल्पांचा फायदा काढला, पाणी, माती, कार्बन सगळं धरून, तर एकेका प्रकल्पाचा वर्षाला 830 कोटींपासनं 1760 कोटींपर्यंत. हा आकडा घेऊन भाषणं होतात. मला त्यात खोट दिसते ती अशी की हा आख्ख्या जंगलाचा फायदा आहे, घातलेल्या रुपयाचा नव्हे. जंगल नाहीसंच झालं असतं तर काय गेलं असतं एवढं त्यातनं कळतं. पुढच्या वर्षी आणि एक कोटी घातले तर काय जास्त मिळेल, ते कळत नाही. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगवते आणि खाली हुबळी-धारवाडपर्यंत लोक तिचं पाणी पितात, त्या पाण्याची किंमत काढा की, डोळे फिरतील. पण म्हणून कणकुंबीत आणि एक गेस्ट हाऊस बांधणं परवडतं असं होत नाही.

आणि काही गोष्टींना भागाकार लागूच पडत नाही. भीमगडाजवळ बारापेडे गुहा आहेत, तिथं एक वटवाघूळ राहतं, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात, 1913 ला त्याची नोंद झाली आणि पुढं कितीतरी वर्षं सगळ्या जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. एकच पत्ता म्हणजे किंमत काय लावणार? गेलं की संपलं. मग पुढं ते मेघालयात पण सापडलं, कंबोडियात पण. झालं, आमच्या गुहेचा भाव उतरला म्हणायचा काय? हिशेबानं बघितलं तर हो, थोडा उतरला, कारण आता आपण एकमेव नाही. मला ते लिहायला जड जातं, पण खोटं कशाला लिहू. मात्र गुहा राखायचा खर्च तरी काय असतो, माणसांनी आत जाऊ नये, टॉर्च मारू नये, दगड मारू नये एवढंच. असल्या कामाचा भागाकार करायला बसणं म्हणजे दहा रुपयांच्या व्हाऊचरला शंभर रुपयांचं ऑडिट. आमच्या गावच्या देवाच्या राईला वर्षाला एक नारळ आणि एक कोंबडा लागतो, त्याहून स्वस्त अभयारण्य मी बघितलेलं नाही.

आता माझं खरं म्हणणं. हे सगळे हिशेब, बरे आणि वाईट, एका बाबतीत सारखेच आहेत. सरकारनं आणि संस्थेनं दिलेला पैसा त्यात असतो. तिसऱ्यानं, म्हणजे जंगलाच्या कडेला राहणाऱ्यानं, भरलेला नसतो. 2020 च्या जानेवारीत घाटाखाली, गोव्याच्या सत्तरीत, गोळावलीला चार वाघ विष घालून मारले, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे, वाघानं मारलेल्या गुराला विष लावून. केलं ते वाईटच. पण एका गुराची भरपाई आठवड्यात दारात आली असती तर? वाघ वाचवायचा त्याहून स्वस्त प्रोग्राम मला तरी माहीत नाही, फक्त त्याच्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

तळेवाडीचं पण तसंच. भीमगडातल्या त्या वाडीच्या 27 कुटुंबांना बाहेर यायला 2025 मध्ये 15 लाखाप्रमाणं ठरले, म्हणजे 4 कोटी 5 लाख. हा खर्च वाघाच्या खात्यावर पडणार. पण इतकी वर्षं त्या लोकांना धड रस्ता नाही, आजारी माणसाला खांद्यावरनं आणायचं, ती सोय दिली असती तर तिला पण पैसा लागलाच असता ना, तो वाचला. म्हणजे 4 कोटी 5 लाखातले किती वाघाचे आणि किती जुन्या थकबाकीचे? मी असते तर दोन खाती केली असती. कोणी करत नाही, कारण दुसरं खातं उघडलं की कुणाची थकबाकी हा प्रश्न येतो.

2025 च्या दिवाळीच्या आधी भावाकडं गेले होते. भात पोटरीत आलं की गवे आणि डुकरं, दोघांची ड्यूटी लागते, एक गेला की दुसरा. भाऊ शेतातल्या माळ्यावर झोपायला जातो, झोपतो कसला, डबा बडवतो. मी त्याला पावसाळ्यातच सांगून ठेवलं होतं की ज्या रात्री जाशील त्या रात्री कॅलेंडरवर खूण कर, गवा आला तर ग, डुक्कर आलं तर ड. हसला होता, पण केलं त्यानं. मोजल्या तर 41 रात्री. उद्योग खात्रीचा, म्हणजे सरकारच्या रोजगार हमीचा, त्या वर्षीचा दर 370 रुपये रोज होता, तोच धरला, रात्रपाळीचा जादा काही नाही, तर 15,170. गावात अशी किती घरं, ते मी गुणत नाही, गुणलं की आकडा भाषणात जातो. पण हे 15,170 मी आजपर्यंत बघितलेल्या एकाही वहीत नाहीत, आणि ते नाहीत म्हणूनच कितीतरी प्रोग्राम स्वस्त दिसतात.

भाऊ म्हणाला, "आक्का, ह्याचं तू करणार काय? कोण देणाराय काय मला?" मी म्हटलं कोण नाही देणार, पण लिहून तर ठेवूया. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "हे एकटे जात होते काय? अमावस्येच्या टायमाला मी नव्हते सोबत? नऊ रात्री."

खुणा नव्हत्या त्यांच्या. मी 41 खोडून 50 केले, 18,500.