शिनो वाळताना

माझ्या पोर्सिलेनच्या भांड्यांवरची काळी-राखाडी नक्षी बघून लोक आधी आगीबद्दल विचारतात. भट्टी किती तापवली, ज्वाला कुठून लागली, धूर कसा धरला. आग महत्त्वाची आहेच. पण इतकी वर्षं शिनो नावाच्या ग्लेझबरोबर, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर काचेसारखा थर होणाऱ्या लेपाबरोबर, काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की यातलं अर्धं काम भांडं भट्टीत जाण्याआधी, फळीवर वाळताना होऊन गेलेलं असतं, आणि ते पाणी करतं.

मी मिनियापोलिसला राहते, आणि ज्या शिनोवर मी काम करते त्याचं माहेर हेच. १९७४ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात कुंभारकाम शिकवणाऱ्या वॉरन मॅकेन्झी यांच्या विद्यार्थिनीने, व्हर्जिनिया वर्टने, नेफेलिन सायनाइट आणि स्पॉड्युमीन ही खनिजं आणि सोडा ॲश (धुण्याचा सोडा) घालून एक ग्लेझ तयार केलं. आज अमेरिकेत शिनो म्हणून जे काही चालतं त्याचा बराचसा वंश तिथून सुरू होतो. मूळ शिनो अर्थातच जपानचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिनो प्रांतात, म्हणजे आजच्या गिफूमध्ये, ते बनायचं. जाड, दुधाळ, बारीक छिद्रांचं, मुख्यतः फेल्डस्पार या खनिजाचं. शेजारच्या सेतो गावातच ते घडलं असा समज होता. तो १९३० मध्ये आराकावा तोयोझो यांना मिनोतल्या जुन्या भट्टीच्या जागी सापडलेल्या एका खापरीने मोडला. एक खापरी! मला ही गोष्ट फार आवडते. पण त्या शिनोत वरून घातलेला सोडा नाही, आणि माझं सगळं काम सोड्याभोवती फिरतं.

सोडा ॲश पाण्यात विरघळतो. ग्लेझमधले बाकीचे घटक पाण्यात नुसते तरंगत असतात, हा मात्र पाण्याबरोबर प्रवास करतो. बिस्क केलेलं, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेलं, सच्छिद्र भांडं बादलीत बुडवलं की सोड्याचं पाणी भिंतीत आतपर्यंत मुरतं. मग भांडं वाळायला लागतं, पाणी बाहेर येतं आणि सोड्याला पृष्ठभागावर सोडून उडून जातं. जिथून पाणी जास्त उडतं तिथे सोडा जास्त साचतो: काठावर, कडांवर, खिडकीकडच्या बाजूला. हे संथपणे झालं तर सोडा वर येतो. घाईने वाळलं तर बराचसा आतच अडकतो.

हा सोडा ८५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. त्याच सुमाराला मी डॅम्पर, म्हणजे धुराड्याची सरकती झडप, ढकलून भट्टीतली हवा कमी करते, गॅस अर्धवट जळतो आणि काजळी भांड्यांवर बसते. वितळलेला सोडा त्या काजळीवर काचेचं झाकण घालतो. पुढे तापमान १२८० च्या वर गेलं तरी आत अडकलेला कार्बन जळू शकत नाही. नक्षी दिसते ती याच कोंडलेल्या धुराची.

या बाबतीत मी सगळ्यात जास्त ज्यांच्याकडे बघत आले ते कुंभार माल्कम डेव्हिस. वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थ्यांचे धर्मोपदेशक होते, मग मातीकडे वळले आणि वेस्ट व्हर्जिनियात स्टुडिओ थाटला. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या ग्लेझमध्ये साधारण सहावा हिस्सा सोडा ॲश असतो, शिवाय थोडी लोहयुक्त लाल माती. आणि ते हे पोर्सिलेनवर लावत. शिनो सहसा स्टोनवेअर नावाच्या मातीवर लावतात, कारण त्या मातीतलं लोह ग्लेझला ऊब देतं. पोर्सिलेनमध्ये लोह जवळजवळ नसतंच. तरी मी पोर्सिलेनच घेते. पांढऱ्या अंगावर नारिंगी रंग उजळ लागतो, काळ्याची कड स्पष्ट दिसते, आणि ग्लेझच्या जाडीतला थोडासा फरकही लपत नाही. बुडवताना हात जरा रेंगाळला तर तेवढाच पट्टा पांढरा राहतो. एवढं खरं सांगणारी दुसरी माती मला माहीत नाही.

आता इथलं हवामान. जानेवारीत बाहेर उणे वीस आणि घरात सतत हीटिंग, म्हणून हवा अगदी कोरडी. वाडगा काही तासांत ठणठणीत वाळतो. थंड गॅरेजमध्ये ग्लेझची बादली ठेवली तर तळाला सोड्याचे कडक खडे धरतात, कारण गार पाण्यात तो फारसा विरघळत नाही. ते खडे काढून टाकायचे नसतात. बादली गरम पाण्याच्या टबात ठेवून परत विरघळवायचे. जुलैत सगळं उलटं. हवा दमट, भांडी दिवसेंदिवस ओलसर, आणि काठांवर बारीक पांढरे स्फटिक उगवतात.

अशाच एका जुलैत आई साताऱ्याहून आली होती. फळीवरचे वाडगे बघून म्हणाली, "अगं, याला लोणा धरलाय!" आणि सवयीने बोट फिरवून बघितलं. तिचं अगदी बरोबर होतं. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला ओल चढली की जो लोणा फुटायचा, तीच क्रिया ही. भट्टी उघडली तेव्हा त्या वाडग्यावर करड्या धुरात नारिंगी बोट स्वच्छ उमटलं होतं. जिथला सोडा पुसला गेला, तिथे धूर कोंडला नाही. तो वाडगा मी विकला नाही, तिच्याबरोबर पाठवला.

तेव्हापासून मी वहीत तापमानाच्या शेजारी हवेतली आर्द्रता लिहायला लागले. भांडं खिडकीपासून किती लांब होतं, कोणती बाजू उन्हाकडे होती, हेही. मेणाचा वापरही वाढला. ग्लेझ ओलं असतानाच ब्रशने मेणाची रेघ ओढायची. त्या रेघेतून पाणी उडू शकत नाही, म्हणून सोडा तिला वळसा घालून शेजारी साचतो. भाजल्यावर रेघ फिकट निघते, भोवती काळं. हे जमतं. पण काळं किती पसरेल, कुठे राखाडी होईल, कुठे नुसतं नारिंगी राहील, ते अजूनही माझ्या हातात नाही, आणि ते पूर्ण हातात यावं अशी माझी इच्छाही नाही.

महाराष्ट्र मंडळातल्या एका ताईंना सहा सारखे कप हवे होते, दिवाळीत पाहुण्यांसाठी. मी त्यांना घरी बोलावलं आणि एकाच दिवशी बुडवलेले, एकाच फळीवर वाळलेले कप समोर मांडले. एक जवळजवळ काळा, एक शेंदरी, एकाच्या फक्त कानापाशी धुराचा ढग. त्या बराच वेळ हाताळत बसल्या. शेवटी चारच घेतले, पण प्रत्येक कोणाला द्यायचा ते तिथेच ठरवून. काळा सासऱ्यांना.

येत्या हिवाळ्यात जुलैची हवा घरात आणून बघणार आहे: वाडग्यांवर प्लॅस्टिकचा सैल तंबू, आत ओला टॉवेल, आणि रोज थोडी थोडी फट. एका बाजूने तंबू उघडा ठेवला तर सोडा त्या बाजूला ओढला जायला हवा. तसं झालं तर फोटो इथे टाकीन, नाही झालं तरी टाकीन.