आमची वाटचाल: उसाच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरपासून कार ओढणाऱ्या कॅराव्हॅनपर्यंत

बेळगावात उद्यमबागेत आमचं शेड आहे, फाउंड्र्यांच्या मागच्या बाजूला. बाबांनी सुरू केलं तेव्हा नुसतं सायलेन्सर वेल्डिंग होतं, गिऱ्हाईक म्हणजे टेम्पोवाले, जीपवाले आणि कारखान्यांचा सीझन लागला की चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडचे उसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या भरून ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की पाइपचं काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघत आलोय. मागं वजन वाढलं की डिझेल जास्त जळतं, डिझेल जास्त जळलं की उष्णता वाढते, आणि ती कुठून तरी बाहेर पडणारच. आज आम्ही जे काम करतो त्याच्या मुळाशी एवढंच आहे.

मधे ॲम्ब्युलन्स झाल्या, स्कूल बस झाल्या, त्यावर फार सांगण्यासारखं नाही, पोट भरलं. कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेल्या गाड्या, कोरोनानंतर यायला लागल्या. गोव्याला जाणारी मंडळी, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी, आणि त्यातल्या काहींच्या मागं ट्रेलरवर चढवलेली छोटी कार, म्हणजे मोठी गाडी एका जागी लावायची आणि बाजारात, बीचवर कारनं फिरायचं. अमेरिकेत अशी कार चारी चाकांवर नुसत्या दांड्यानं जोडून ओढतात, आपल्याकडं चालू गाडी तशी नेता येत नाही, रजिस्टर केलेला ट्रेलर लागतोच, हे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी सांगतो.

आमचं काम खरं बदललं ते कोल्हापूरकडच्या एका गिऱ्हाइकामुळं. गोव्याहून अनमोड घाट चढून, लोंढा-खानापूर करत थेट शेडवर आले. म्हणाले, "मिस्त्री, कारचा बंपर बघा की, बोटानं दाबला तर दबतोय, आणि आत झोपलेल्या पोरांचं डोकं दुखायलंय." बंपरचा खालचा काळा भाग खरंच मऊ होऊन वाकला होता, नंबर प्लेटवर काजळी, आणि कॅराव्हॅनची मागची पाण्याची टाकी हाताला गरम. पोरांच्या डोकेदुखीनं मी घाबरलो, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतच नाही. म्हटलं आधी मागची खिडकी बंद करा, आज रात्री गाडीत झोपू नका, डॉक्टरला दाखवा, बाकीचं उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मागच्या पॅनलवर लोकरीचे धागे टेपनं चिकटवले, ट्रेलरच्या पुढच्या पट्टीला मोबाईल बांधला आणि हायवेला तवंदी घाटापर्यंत जाऊन आलो. व्हिडिओ बघितला तर धागे मागं उडतच नव्हते, सगळे पॅनलला चिकटून वर, खिडकीकडं वळलेले. चौकोनी गाडी पुढं जाते तेव्हा तिच्या पाठीमागं हवा भोवऱ्यासारखी उलटी फिरते, त्यात मागं कार असली की मधल्या जागेत गरम धूर कोंडतो. त्या गाडीचा पाइप बॉडी बांधणाऱ्यानं बरोबर मधे, मागच्या बंपरखाली आणून सोडला होता. म्हणजे धूर सरळ कारच्या तोंडावर, उरलेला खिडकीत.

बंपरचं प्लास्टिक साधारण १६० डिग्रीला वितळतं, मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ (धुराच्या कडक नियमातल्या) डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर असतो, तो साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा आत ६०० डिग्रीच्या आसपास तापमान जातं. नेमकं ते घाटात, कमी स्पीडला, खालून वारा लागत नसताना झालं तर काय होणार ते सांगायला नको.

आम्ही पाइप उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या मागं, बॉडीच्या कडेला नेला. डावीकडं किंवा खाली जमिनीकडं धूर सोडायला नियमातच मनाई आहे, आणि डिझेलच्या लाइनपासून पाइप निदान ३५ मिलिमीटर लांब पाहिजे, आम्ही त्याहून बरंच जास्त ठेवतो. पाइपच्या तोंडावर मोठ्या व्यासाची स्लीव्ह, म्हणजे वरून बसवलेली नळी, मधे फट, म्हणजे धूर बाहेर पडताना बाजूची गार हवा ओढून घेतो. फिल्टरला, सेन्सरला आम्ही हात लावत नाही. "फिल्टर काढूनच टाका की" म्हणणारे येतात, त्यांना चहा देतो आणि परत पाठवतो.

यात सगळ्यात जास्त चुकतं ते पाइपच्या वाढण्याचं. स्टेनलेसचा २ मीटर पाइप ४०० डिग्रीनं तापला की जवळजवळ १४ मिलिमीटर लांब होतो. दोन्हीकडं क्लॅम्पनं आवळून टाकला तर तो जाणार कुठं, वेल्डिंगच्या कडेला चिरतो आणि धूर फ्लोअरखाली. म्हणून एक टोक पक्कं, बाकी रबर हँगर, मधे सरकणारा जॉइंट. बेंड मोठ्या गोलाईचे, व्यास कुठंही कमी करायचा नाही, नाहीतर बॅक प्रेशर, म्हणजे धूर अडून इंजिनवर येणारा उलटा दाब, वाढून इंजिन अजून तापतं.

टाकी आणि वायरिंगखाली हीट शील्ड लावतो, दोन पत्रे, मधे बोटभर हवा आणि दोन्ही तोंडं उघडी. जाड पत्र्यापेक्षा ती हवा जास्त काम करते हे लोकांना पटत नाही, पण तसंच आहे. उष्णता अडवायला पाइपला गुंडाळायची पट्टी, म्हणजे रॅप, आम्ही लावत नाही, खानापूर-जांबोटीचा पाऊस त्यात मुरतो आणि साधा लोखंडी पाइप त्या रॅपखाली सडतो.

ड्रायव्हरला दोन गोष्टी बजावतो. चढाला वरच्या गिअरमधे रेटायचं नाही, गिअर खाली घ्या, इंजिन फिरू दे, हवा जास्त मिळाली की धूर कमी तापतो. आणि घाट चढून झाला की उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी लावायची नाही, आग लागते, डांबरावर किंवा मोकळ्या मातीवर थांबा, एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करा.

आता शेडमधे एक वेगळा पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा) फक्त कॅराव्हॅनसाठी ठेवलाय, धाकटा भाऊ तो बघतो. येणार असाल तर ट्रेलर आणि कार दोन्ही बरोबर आणा, नुसत्या गाडीवर माप घेऊन उपयोग नाही, आणि हातात पूर्ण दिवस ठेवा, कारण काम झाल्यावर धागे लावून परत एकदा तवंदीला जाऊन आल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही.