गुरुजींच्या घराचे दोन स्लॅब

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या पाचगावहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांचे घर मीच बांधून दिले होते आणि माझ्याच आग्रहावरून भिंतींना भाजक्या विटेऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, वापरले होते. जवळच्या भट्टीची वीट स्वस्तात मिळत असताना, ब्लॉकसाठी वाहतुकीसह त्यांनी सुमारे 40 हजार रुपये जास्त मोजले होते. "साहेब, भावाचं शिवाजी पेठेतलं जुनं घर गार आहे, आणि आमच्या वरच्या खोलीत बसवत नाही," एवढेच ते म्हणाले, पण गृहपाठ न केलेल्या मुलाला उभे करावे त्या स्वरात.

दुपारी साडेतीनला मी इन्फ्रारेड तापमापक घेऊन पोहोचलो. पश्चिमेची भिंत आतून 34 अंश होती आणि छत 43. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. भिंतीने आपले काम चोख केले होते. ब्लॉकची उष्णतावाहकता विटेच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा असते, त्यामुळे आठ इंची ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते. परंतु मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो. पश्चिमेच्या भिंतीला ऊन दुपारनंतर लागते, स्लॅब मात्र सकाळपासून तापतो, आणि त्यावर मी साध्या सिमेंटच्या गिलाव्यापलीकडे काहीच केले नव्हते.

संध्याकाळी आम्ही भावाच्या घरी गेलो. दीड हात रुंद दगडमातीच्या भिंतींना सगळे कुटुंब श्रेय देत होते. त्या भिंतींचा वाटा होताच, पण मी माळ्यावर चढलो तेव्हा कौलांखाली अंग भाजत होते आणि माळ्याच्या फळ्यांखालची खोली निवांत होती. कौले आणि खोली यांच्यामधल्या त्या मोकळ्या हवेचा कोणी विचारच केला नव्हता.

मग गुरुजींनी वही पुढे केली आणि हिशेब मागितला. त्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत 120 चौरस फूट. उन्हाळ्याचे दोन महिने रोज सहा तास एसी चालवला, तरी या एका भिंतीमुळे वाचणारी वीज जेमतेम 20 युनिट निघाली, म्हणजे फार तर दोनशे रुपये. इतर खोल्यांत तर एसीच नाही. ब्लॉकचा खरा फायदा वजनात आहे. घनमीटरला 550 ते 650 किलो, म्हणजे विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. उंच इमारतीत त्यामुळे लोखंड वाचते, दुमजली घरात ती बचत थोडी. हे मी आधीच सांगायला हवे होते. (वीट दुपारची उष्णता सहा-आठ तासांनी, नेमकी झोपेच्या वेळी आत सोडते, हेही तितकेच खरे, पण तेवढ्यासाठी एकट्या पश्चिम भिंतीला ब्लॉक पुरले असते.)

पावसाळ्यापूर्वी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करून दिले. मजुरी मी घेतली नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा मोजायला गेलो, तेव्हा मे आणि ऑक्टोबरची तुलना चालणार नाही, असे गुरुजींनीच मला सुनावले. जिन्यावरच्या स्लॅबला त्यांनी मुद्दाम हात लावू दिला नव्हता. त्याच दुपारी, तीन वाजता, तिथे 40 अंश भरले आणि खोलीच्या छताला 34. दोन्ही आकडे त्यांनी वहीत शेजारी शेजारी लिहून खाली माझी सही घेतली.