काकूच्या पायातल्या शिरा

आज काकूला डॉपलरला, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीला, घेऊन गेलो. तुळशीबागेतल्या दुकानात दिवसभर उभं राहून तिच्या पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरा टरारून आल्यात. संध्याकाळी पाय जड, घोटे सुजलेले. "वयाचं आहे रे" म्हणत वर्षं काढली तिने.

तपासणी उभं करूनच करतात. डॉक्टरांनी पोटरी दाबली, स्क्रीनवर निळा रंग वर सरकला. हात सोडला तर लाल होऊन परत खाली! रक्त हृदयाकडेच जावं म्हणून शिरांत छोट्या झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं, शीर फुगते. घोट्याजवळची कातडी काळी पडलेली पाहून डॉक्टर गंभीर झाले. दुर्लक्ष केलं तर तिथेच लवकर न भरणारी जखम होऊ शकते म्हणे.

आता लेझरने ती शीर आतून बंद करायची. "मग रक्त जाणार कुठून?" काकूचा रास्त प्रश्न. आतल्या खोल शिरांतून. बहुतेक रक्त तसंही तिथूनच जातं. तोवर घट्ट मोजे, तेही सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी. ते चढवणं म्हणजे कुस्तीच आहे हो!

काकू मात्र "दिवाळीचा सीझन होऊ दे, मग बघू" वर अडून बसलीय.