काखेतल्या पुळ्या आणि रेझरची दिशा

वॅक्सिंग मला सोसत नाही, त्यामुळे रेझरच. पण उन्हाळा आला की काखेत बारीक लाल पुळ्या उठायच्या, घामाने नुसती आग व्हायची आणि पुळी बसली तरी काळा डाग राहायचा. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणं म्हणजे शिक्षाच. पार्लरमधल्या ताई म्हणायच्या, लिंबू आणि खायचा सोडा लाव. आई म्हणायची, नीट घासून अंघोळ कर. जसा काही तो मळच!

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ गाठल्या. मॅडमनी आधी मान बघितली. मान-काखेतली कातडी काळपट, जाड, मखमली झाली असेल तर त्या साखर तपासायला सांगतात. माझी मान ठीक होती. मग खोलीत अंधार करून जांभळट उजेडाचा दिवा काखेवर धरला. एरिथ्रॅझ्मा नावाचा जिवाणूंचा संसर्ग असला तर कातडी त्या उजेडात पोवळ्यासारखी लाल दिसते. तेही नव्हतं. पुरुषांना दाढीनंतर गळ्यावर येतात तसल्याच या पुळ्या: कापलेला केस वळून कातडीत घुसतो, तिथे सूज येते आणि सूज गेली तरी रंग मागे राहतो. घासलं की तो वाढतो. सोडा तर आणखी वाईट, कारण कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते.

मग त्यांनी हातात आरसा दिला. काखेतले वरचे केस वर वाढतात, खालचे खाली, मध्ये चक्क भोवरा! एकाच दिशेने रेझर ओढला की निम्मे केस उलटे कापले जाणारच.

आता अंघोळ संपत आली, कातडी मऊ झाली की जेल लावून वरचा भाग वर, खालचा खाली, हलक्या हाताने. बोटांनी कातडी ताणत नाही. ताणली की केस फार आतून कापला जातो आणि आतल्या आतच वळतो. हे सगळं रात्री, म्हणजे डिओ थेट सकाळी. रेझर ओल्या बाथरूममध्ये ठेवत नाही, पातं बोथट वाटलं की फेकते.

केमिस्टकडे मिळणारी गोरं करणारी स्टेरॉइडची क्रीमं मात्र मॅडमनी साफ नाकारली. काखेत ती जास्त शोषली जातात, कातडी पातळ होते.

पुळ्या थांबल्या. डाग सावकाश फिकटतायत. त्यासाठी लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन दिलंय. फक्त शेव्ह केलेल्या रात्री ते लावायचं नाही, नाहीतर जी झोंबतं, विचारू नका.