डफडं शेकताना

परवाचा एक प्रोग्राम डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलो. गावापासून दहा-बारा किलोमीटरवर एका चित्रकार भाऊंनी बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये छोटंसं आर्ट म्युझियम केलंय, भिंतीवर चित्रं, कोपऱ्यात कापसातली सरकी काढायचा रेचा, तिफण, वखर असं जुनं सामान. तिथं पुण्याची एक मुलगी आली होती, प्रयोगशील संगीत करते, आणि तिच्यासोबत आमच्या गावचे डफडंवाले काका.

पहिला अर्धा तास मला जड गेला, लॅपटॉपमधून नुसती घरघर. मग तिनं रेच्याला एक पितळी चकती चिकटवली. पिएझो म्हणतात, साध्या बझरमधे असते तीच, वीसेक रुपयांची. ही हवेतला आवाज फारसा धरत नाही, ज्याला चिकटवली त्या वस्तूची थरथर धरते. रेच्यात कापूस घातला तशी लाकडाची करकर आणि सरकी सुटतानाची टकटक एवढी मोठी होऊन आली की मागची पोट्टी चूप झाली.

तोवर काका बाहेर गेले होते. थंडीत कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी शेकावं लागतं. बाहेर पऱ्हाटीचा जाळ केला होता. ती मुलगी वायर घेऊन त्यांच्या मागं गेली आणि चकती डफड्याच्या कड्याला लावली. आत लाईट बंद. जाळाची तडतड ऐकू येत नव्हती, फक्त काकांचा तळहात कातड्यावर फिरतोय, नखं घासतायत, मधेच एक टिचकी. आधी भद्द. थोड्या वेळानं जरा वरचा. मग अजून वरचा, कातडं ताणत ताणत शेवटी असा खणखणीत ठण्ण आला की अंगावर काटाच. पंधरा मिनिटं हेच चाललं, कोणी हललं नाही.

काका आत आले तर टाळ्याच टाळ्या. ते गोंधळले, "आतालोक त म्या वाजोलंच नाई बाई, शेकूनच रायलो ना!" तेव्हा भाऊंनी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचं सांगितलं, १९५२ साली त्याची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना पहिल्यांदा सादर झाली तेव्हा पियानोवाल्यानं एक सूरही वाजवला नव्हता, लोकांनी सभागृहातले आवाज ऐकले.

मला मात्र आमच्याकडची लग्नं आठवत होती. वाजवणारे मांडवाबाहेर, त्यांची पंगत शेवटची. आम्ही त्या डफड्यावर लहानपणापासून नाचलो, पण बसून ऐकलं कधी? इथं काका मधोमध खुर्चीवर, आणि आम्ही खाली सतरंजीवर. हे बरोबर वाटलं, आधीच व्हायला पाहिजे होतं.

नंतर त्यांनी तासभर वाजवलं, ते सगळ्यांच्या मोबाईलमधे आहे. काकांनी मात्र मुलीकडून शेकतानाचंच मागून घेतलं. काल ओट्यावर नातवाला लावून दाखवत होते, कोणता आवाज आला की जाळावरून उचलायचं ते.